बॅटरीच्या कॅथोडचा एक्सरे नमुना घेतला, तर त्यातली शिखरं पाहायची की मधला धूसर पसारा?
भाऊ, कपाशीच्या तासांत तुरीची झाडं निघाली तर बांधावरून शंभरात किती ते कळते, गटानं आहेत की विखुरली ते नाही. बॅटरीच्या निकेलवाल्या कॅथोडचंही (धन टोकाच्या पदार्थाचं) तसंच, लिथियमच्या जागी निकेल घुसते कारण दोघांचे आयन, म्हणजे भारित अणू, आकारानं जवळपास सारखे, त्रिज्या 0.76 अन् 0.69 अँगस्ट्रॉम (लांबीचं अतिसूक्ष्म माप). साधं एक्सरे डिफ्रॅक्शन, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या एक्सरेचा नमुना, टोकदार शिखरांवरून सरासरी सांगते, 003 चं शिखर 104 पुढं (हे स्फटिकातल्या अणूंच्या थरांचे क्रमांक) बुटकं झालं की समजा मिसळ वाढली, अन् हे कॉलेजच्या मशीनवरही होते. शेजारी कोण बसलं ते मात्र शिखरांमधल्या धूसर पसाऱ्यात दडते, तो लय कमजोर, त्याले बहुतेक सिंक्रोट्रॉन, म्हणजे लय तीव्र एक्सरे देणारं मोठं यंत्र, लागते म्हणा ना, आपल्याले जवळचा इंदूरचा इंडस-2. मी तर आधी शिखरंच पाहतो. लिथियम शिखरांत अन् पसाऱ्यात दोन्हीत फिक्कंच, कारण एक्सरे इलेक्ट्रॉनवरून विखुरतात अन् त्याच्या अणूत इलेक्ट्रॉनच 3.