माझ्या रिपोर्टात बीजांडकोश निघाला, तरी मी पैसे दिले

३०,४६० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून खरा सांगितलेला नाही. बायकोला १२,०००च माहीत आहेत. मशीनच्या तपासणीचे ३००, पहिल्या महिन्याच्या किटचे (व्हिटॅमिन म्हणून विकलेल्या भुकटीचा डबा) ६,८५०, तीन महिन्यांच्या पॅकचे १८,६००, वर 'आयर्न बूस्टर' म्हणून १,४५०. आणि या सगळ्यानं शरीराचं काय करून ठेवलं ते शोधायला लॅबला भरले ३,२६०.

मी परभणी जिल्ह्यात कृषी सेवा केंद्र चालवतो, मोंढ्याला लागूनच. म्हणजे दिवसातनं दहा वेळा शेतकऱ्याला सांगणारा माणूस: पक्की पावती घ्या, पिशवीचा निळा टॅग फेकू नका, लॉट नंबर बघा, सोयाबीन उगवलं नाही तर ह्याच कागदावर भांडायचंय. त्या माणसानं एका ट्रॅकसूटवाल्या पोराच्या खात्यावर पावतीशिवाय पैसे टाकले, तेही चार वेळा. हसा. मीही दुसऱ्याला हसलो असतो.

शुगरच्या भीतीनं पळायला लागलो, त्याला तीन वर्षं झाली. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या आणि डोक्यात ४२ किलोमीटरचं खूळ शिरलं. तिथनं उजवा गुडघा बोलायला लागला. आमच्याकडं सध्या पळणाऱ्यांचं पीक आलंय. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, टोकियो आणि पॅरिस, दोन ऑलिंपिक खेळला, तेव्हापासून तर प्रत्येक ग्राउंडवर पहाटे पाचला गर्दी. पोलीस भरतीची पोरं आणि माझ्यासारखे पोट सुटलेले, सगळे एकत्र. अशा ठिकाणी 'न्यूट्रिशन कोच' उगवणारच.

आमच्या कोचचं मशीन तुम्ही पाहिलं असेल. लॅपटॉपला जोडलेली डबी आणि हातात धरायची धातूची दांडी. ना सुई, ना रक्त, एका मिनिटात ३८ पानी रिपोर्ट. नावात 'क्वांटम'. माझ्या रिपोर्टात लोह कमी, बी-१२ कमी, मॅग्नेशियम कमी, सांध्यातलं वंगण कमी. आणि ३१व्या पानावर बीजांडकोशाचं कार्य: सामान्य.

ग्रुपमधल्यांनी तिथंच धिंगाणा घातला. "भाऊ, कितवा महिना?" मीही हसलो. कोच जरासुद्धा ओशाळला नाही. म्हणाला, "सर, मेल-फीमेल चुकून क्लिक झालं. रीडिंग तुमचंच आहे." त्यानं ते बटण बदललं, पुन्हा प्रिंट दिली, बीजांडकोश गेला आणि त्या जागी प्रोस्टेट आली. तीही सामान्य.

आता नीट बघा. तेव्हा दांडी टेबलावर पडलेली होती. माझ्या एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात पार्लेचा पुडा. मला हातच लावायला न सांगता माझी प्रोस्टेट तपासून झाली होती! हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि तरी विचारलं काय, तर "गुडघ्यासाठी कुठलं किट?" रात्री झोप येत नाही तेव्हा मला ती टेबलावरची दांडी दिसते.

माझी बाजूही ऐका. किटनं गुण दिला. चौथ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबला. आठवड्यात १८ किलोमीटर हसत पळालो, भूक वाघासारखी. महिन्यानं डबा संपला, पाच दिवस खंड पडला, तर पलंगावरून उठवेना, अंग ठेचल्यासारखं दुखे. मी काय समजलो? की शरीराला याची किती गरज होती बघा. आणि १८,६०० भरले.

धंद्यातल्या माणसानं तरी हे ओळखायला पाहिजे होतं. आमच्याकडं कुठल्या टॉनिकनं तीन दिवसांत पिकाला गर्द हिरवी काळोखी आली, तर जुना दुकानदार आधी विचारतो, यात मिसळलंय काय? खरं खत सहसा इतक्या लवकर दिसत नाही. जीवनसत्त्वही दिसत नाही. बी-१२ किंवा लोहाची कमतरता खरोखर असली तरी फरक पडायला आठवडे-महिने जातात. चार दिवसांत सांधा मोकळा करणारी भुकटी म्हणजे व्हिटॅमिन नव्हे, एवढं मला कळू नये?

शेवटी बायकोनंच पकडलं. "तोंड बघा आरशात, पुरणपोळीसारखं फुगलंय." बीपी १५०/९६, उपाशीपोटी शुगर १२८. डॉक्टरांनी डबा पाहिला, गालाकडं पाहिलं आणि सकाळी आठचं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासायला लावलं. आलं २.१, अगदी कमी. म्हणजे बाहेरून स्टेरॉइड जात असावं, म्हणून शरीरानं स्वतःचं बनवणं सोडलंय, असं त्यांचं म्हणणं. ज्यांचे चेहरे असे सुजलेत त्यांनी रागानं डबा एका दिवसात बंद करू नका, आधी डॉक्टर गाठा, एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं. मलाही हळूहळू कमी करत बाहेर काढलं.

बाकी रिपोर्ट ऐका. डब्यावर 'बी-१२ १००० मायक्रोग्रॅम' लिहिलेलं, मी चार महिने रोज खाल्लेलं, आणि रक्तात बी-१२ निघालं १६८, कमीच. म्हणजे जे हवं होतं ते डब्यात नसावंच. व्हिटॅमिन डी १४, तेही कमी. उलट लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन २१०, भरपूर. म्हणजे १,४५०चा बूस्टर नको तिथं ओतला. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही, ते साचत जातं. पळणाऱ्याला लोह कमी पडू शकतं हे खरं, पण फेरिटिन बघितल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. डॉक्टरांनी लिहिलेली बी-१२ आणि डीची औषधं मला ४१२ रुपयांत आली. आणि डीची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक असते, रोज नव्हे. आमच्या ग्रुपमध्ये एक जण रोज फोडत होता.

भाच्याचं सांगायचं राहिलं. भरतीच्या १६०० मीटरसाठी त्यालाही मीच नेलं, 'तीन मेंबर आणा, तुमचा एक डबा फुकट' या लोभानं. त्याचे ६,८५० मी परत दिले, ते वरच्या हिशोबात धरलेले नाहीत. "मामा, ऱ्हाऊ द्या," म्हणाला. ते जास्त लागलं. उद्या तो स्पर्धेत उतरला आणि डोपिंगच्या चाचणीत सापडला असता, तर 'डब्यावर लिहिलं नव्हतं' म्हणून सुटका नसते, दोष खेळाडूचाच धरतात.

आता तक्रारीचं पुराण. कोचचा फोन बंद झाल्यावर ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "शेठ, बंदूक लावली होती का? तुम्हीच दिले ना?" मग, हा दिवाणी मामला. मग, ऑनलाइन पैसे गेलेत तर सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, समोर बसून दिलेत, हे सायबर कसलं? दोघांच्या मधल्या चहाच्या टपरीवर मी तीन दिवस काढले. तिसऱ्या कचेरीत, जिथं अशा डब्यांचं बघायला पाहिजे, तिथं साहेब दौऱ्यावर. पुन्हा गेलो, मीटिंगला. चौथ्या खेपेला भेटले आणि म्हणाले, उघडलेला डबा नमुना म्हणून चालत नाही, सीलबंद आणा. साहेब, सील न फोडता तोंड सुजतं का? बियाणं बोगस निघालं तर निदान पंचनाम्याला माणूस येतो; इथं माझं तोंड हाच पंचनामा, तरी कुणी लिहून घेईना. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, १९ दिवसांनी मेसेज आला: तक्रार निकाली. काय निकाल, ते त्यांनाच माहीत.

शेवटी ग्राहक आयोगात अर्ज टाकला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि राहत्या जिल्ह्यात दाखल करता येतो, हे मला एकाही कचेरीनं सांगितलं नाही. पुरावा म्हणून माझ्याकडं यूपीआयचे चार स्क्रीनशॉट, दोन्ही रिपोर्ट आणि रिकामे डबे.

डब्यावरचा एफएसएसएआय (खाद्यपदार्थांना परवाना देणारी सरकारी संस्था) नंबर मी शेवटी बोट ठेवून मोजला. परवान्याचे आकडे १४ असतात. याचे १३. मी रोज लॉट नंबर वाचणारा माणूस! तुम्ही मोजाच, आणि १४ भरले तरी एफएसएसएआयच्या पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का बघा. जुळलं तरी डब्यातला माल तपासलाय असा त्याचा अर्थ नाही. घटकांपुढं मात्रा न लिहिता नुसतं 'ब्लेंड' लिहिलं असेल तर तिथंच ठेवून द्या. दुकानाऐवजी माणसाच्या खात्यावर पैसे मागितले तर उठा. बिल मागितल्यावर "जीएसटी लागेल" म्हणाला तर तेव्हाच उठा, मी बसून राहिलो.

ग्रुपमधल्या अकरा जणांकडं हेच डबे गेलेत. त्यातला एखादा अजून न उघडलेला असेल तर सील फोडू नका, फेकूही नका. दुकानात आणून द्या, सकाळी नऊनंतर मी असतो.