बोमनचं पहिलं कार्ड घ्यावं की टॉप्सचं रुकी?

खेळाडू नावारूपाला येण्याआधीच त्याचं कार्ड आपल्याकडे असावं, असं बेसबॉल कार्डं जमवणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. प्रश्न एवढाच, की किती आधी?

बोमन आणि टॉप्स ही बेसबॉल कार्डांची दोन्ही नावं एकाच घरातली. टॉप्सने 1956 साली बोमन विकत घेतली आणि 1989 मध्ये ते नाव पुन्हा बाजारात आणलं. खेळाडू मायनर, म्हणजे खालच्या लीगमध्ये धडपडत असताना, कधीकधी तर ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) निवड होताच, त्याचं बोमन कार्ड निघतं. टॉप्सचं रुकी कार्ड तो मेजर, म्हणजे सर्वोच्च लीगमध्ये उतरल्यावर येतं आणि 2006 पासून त्यावर ‘आरसी’ (रुकी कार्ड) असा शिक्का असतो. हा शिक्का बोमनच्या प्रॉस्पेक्ट (होतकरू खेळाडूंच्या) कार्डांवर नसतो.

बोमनवाले हमखास एंजल्स संघाच्या माइक ट्राउटचं नाव घेतात. 2009 च्या ड्राफ्टमध्ये तो 25 वा निवडला गेला. त्याच्या आधीची, 24 वी निवडही एंजल्सचीच होती आणि ती त्यांनी रँडल ग्रिचकवर खर्च केली! ट्राउटचं त्या वर्षीचं सहीवालं बोमन क्रोम सुपरफ्रॅक्टर कार्ड 2020 मध्ये 39 लाख डॉलरच्या वर गेलं. पण ते जगात एकच आहे, आपल्या नशिबी येणारं नव्हे.

त्याच ड्राफ्टमधला पहिला, स्टीफन स्ट्रासबर्ग. 2010 मध्ये पदार्पणातच 14 बॅटर स्ट्राइकआउट (बाद) केले, आणि त्याच वर्षी कोपराची शस्त्रक्रिया. पुढे 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, म्हणजे कारकीर्द वाया गेली असं कुणी म्हणणार नाही. पण 2010 च्या उन्हाळ्यात त्याची कार्डं घेणाऱ्यांनी सगळ्या अपेक्षांची किंमत आगाऊ मोजली होती. ब्रायन टेलरचं तर विचारूच नका: 1991 च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, आणि मेजर लीगचा एकही सामना नाही. दोघेही पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे. म्हणून बोमनमध्ये पैसे घालायचेच असतील तर निदान बॅटरवर घाला.

आता 2011 चा टॉप्स अपडेट, म्हणजे पुरवणी संच बघा. ट्राउटचं रुकी कार्ड यातच आहे, आणि ते आता खिशाला परवडत नाही. याच संचात होजे आल्टुवे आणि पॉल गोल्डश्मिटही आहेत. साडेपाच फुटी आल्टुवेला अ‍ॅस्ट्रोजने चाचणीतून घरी पाठवलं होतं. तो दुसऱ्या दिवशी परत आला आणि 15,000 डॉलरवर करारबद्ध झाला. 2017 मध्ये एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. (त्या वर्षाला अ‍ॅस्ट्रोजच्या प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याच्या प्रकरणाचं गालबोट आहे, त्यामुळे काही जण त्याच्या कार्डाला हातही लावत नाहीत.) गोल्डश्मिट ड्राफ्टच्या आठव्या फेरीतला, 2022 चा एमव्हीपी. दोघांचीही साधी कार्डं ट्राउटच्या मानाने कितीतरी स्वस्त मिळतात.

नुसती अपेक्षेपेक्षा मोठी कारकीर्द मात्र पुरत नाही. माइक पियाझा 1988 च्या ड्राफ्टमध्ये 62 व्या फेरीत निवडला गेला आणि 2016 मध्ये बेसबॉलच्या महान खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला. तरी त्याची 1990 च्या दशकातली बरीच कार्डं कवडीमोलच आहेत, कारण त्या काळात कार्डांची छपाई बेसुमार झाली. त्यातल्या त्यात फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या 1992 च्या अपडेट संचातल्या कार्डाला मागणी आहे, कारण तो संच कमी निघाला.

सही हवी असेल, वाट बघायची तयारी असेल आणि पैसे बुडाले तरी झोप उडणार नसेल, तर बोमन घ्या. एकाच कार्डापुरते पैसे असतील तर मी टॉप्सचं रुकी सुचवेन, तेही पहिल्या फेरीत न निवडलेल्या बॅटरचं आणि त्याचा एक पूर्ण हंगाम बघून झाल्यावर. पॅक फोडत बसण्यापेक्षा ते एक कार्ड सुटं विकत घ्या, आणि पैसे देण्याआधी चारही कोपरे नीट बघा.