स्प्लिटवाइज: हिशेब चोख, पण झाकपाक चालत नाही

मित्रमंडळींबरोबर सुट्टीला गेलं की हिशेबाची वही कोणातरी एकाच्या गळ्यात पडते. आमच्यात ती माझ्याच गळ्यात असायची, म्हणून स्प्लिटवाइज हे खर्च वाटून देणारं अॅप घेतलं. पैसे कोणी भरले आणि कोणाकोणात वाटायचे, एवढं सांगितलं की झालं. सारखे वाटा, टक्क्यांनी वाटा, एखादा त्या खर्चात नव्हताच तर त्याला वगळा. फुकटच्या आवृत्तीत दिवसाला ठरावीकच नोंदी करता येतात, त्यामुळे किरकोळ खर्च एकत्र करून टाकावे लागतात. तेवढं चालवून घेतो.

खरी गंमत नोंद बदलल्यावर कळते. रक्कम बदलली की नोंदीखाली ओळ उमटते: कोणी बदलली, आधी किती होती, आता किती. गटातल्या सगळ्यांना दिसते.

या वेळी राहण्याचं बुकिंग आमच्यातल्या एकाने केलं आणि नोंद टाकली. एका मैत्रिणीने सहज मेलवरची पावती उघडली, तर रक्कम बरीच जास्त. ‘अरे, स्वतःचंच नुकसान करून घेतलंस की,’ म्हणत तिने आकडा दुरुस्त केला. थोड्या वेळाने त्याने तो गुपचूप पूर्वीसारखा केला. तिने परत बदलला. रात्री जेवायला बसलो तेव्हा सगळ्यांच्या हातात फोन आणि एकाच नोंदीखाली तीन ओळी.

मग बाहेर आलं. आमच्यातल्या एकाची नोकरी काही महिन्यांपूर्वीच गेली होती. हे फक्त बुकिंगवाल्याला ठाऊक. मित्राचा वाटा हलका व्हावा म्हणून त्याने सगळ्यांचाच आकडा खाली आणला आणि वरचे पैसे खिशातून घातले. नोकरी गेलेला गोरामोरा झालाच, पण जास्त बिनसलं ते पावती उघडणारीचं. ‘पैशांचं मरू दे. मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हा दोघांना?’ दुसऱ्या दिवशी ती गाडीत पुढे बसली, कानात हेडफोन घालून.

यात अॅपला बोल लावणार नाही. गटाबाहेर दोघांपुरती नोंद करता येते, ती तिसऱ्याला दिसत नाही. गटात खरी रक्कम टाकून मित्राची सूट त्या दोघांपुरत्या नोंदीत दिली असती, तर कोणाला पत्ता लागला नसता. लागायला हवा होता का, हा वेगळा वाद. माझ्या मते तिला आधीच सांगायला हवं होतं. इतक्या जवळच्या माणसाने हे आकड्यांवरून ताडायचं म्हणजे अतीच झालं.

एक सूचना मात्र. गटाच्या सेटिंगमध्ये देणी सोपी करण्याची सोय आहे. मी तुझं देणं लागतो, तू तिचं, तर मी थेट तिलाच द्यायचे. एकूण देणं कोणाचंच बदलत नाही, व्यवहार तेवढे कमी होतात. पाच जणांत जास्तीत जास्त चार. गणित म्हणून झकास. आमच्याकडे ती चालू होती, आणि परतताना नोकरी गेलेल्याला अॅपने सांगितलं की उरलेले पैसे तिला द्या. जिच्याकडून त्याने काही घेतलंच नव्हतं, तिला, आणि तेही त्याच दिवशी! मी सोय बंद केली, देणं परत बुकिंगवाल्याकडे गेलं.

चार तारे. पाचवा रोजच्या मर्यादेपायी गेला. पुढच्या सुट्टीचा गट तिनेच बनवलाय, पाचही जण आहोत. बुकिंग मात्र या वेळी तीच करणार म्हणते.