आतड्यांतील जिवाणूंच्या नावावर झालेली फसवणूक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका मंगल कार्यालयात गेल्या वर्षी आतड्यांच्या आरोग्याचे मोफत शिबिर भरले होते. माझ्या वहिनींना बऱ्याच काळापासून पोटफुगी, अधूनमधून जुलाब आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही न हटणारा ॲनिमिया असा त्रास असल्यामुळे शेजारच्या काकू त्यांना आग्रहाने तेथे घेऊन गेल्या. मोफत होते ते केवळ व्याख्यान. शौचाच्या नमुन्याच्या तपासणीसाठी साडेनऊ हजार रुपये आणि अहवाल आल्यावर सहा महिन्यांच्या प्रोबायोटिक (म्हणजे उपयोगी मानले जाणारे जिवंत जिवाणू असलेल्या) पुड्यांसाठी बत्तीस हजार रुपये घेण्यात आले.

त्या व्याख्यानात उघड खोटे फारसे नव्हते आणि लोक भुलले ते त्यामुळेच. अमेरिकेत 2007 साली मानवी सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाचा मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला, जिवाणू प्रयोगशाळेत वाढवत न बसता त्यांचे जनुक वाचून ते ओळखता येऊ लागले, आणि निरोगी दात्याच्या शौचापासून बनवलेल्या उपचारांना तेथील औषध प्रशासनाने 2022 आणि 2023 साली मान्यता दिली, हे सर्व खरे आहे. मात्र ही मान्यता क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जिवाणूचा वारंवार उलटणारा संसर्ग अँटिबायोटिकने आटोक्यात आणल्यावर तो पुन्हा होऊ नये एवढ्यापुरतीच आहे, आणि गॅस, थकवा किंवा वजन यांच्याशी तिचा काही संबंध नाही, हे वक्त्याने सांगितले नाही. शरीरात पेशींच्या दसपट जिवाणू असतात हे त्याचे आवडते वाक्यही जुने झाले आहे, कारण 2016 च्या गणितानुसार पेशी सुमारे 30 लाख कोटी आणि जिवाणू सुमारे 38 लाख कोटी, म्हणजे जवळपास बरोबरीचेच भरतात.

अहवाल मात्र पाहण्यासारखा होता. गुळगुळीत कागद, पानोपानी रंगीत वर्तुळे, आणि 'चांगले' व 'वाईट' अशा दोन रकान्यांत वाटलेले जिवाणू. दादांची सगळी नोकरी बँकेत गेली असल्याने समोर आकडे आले की त्यांचा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. त्यांनी फर्मिक्युटीस, बॅक्टेरॉइडीटीस आणि इतर गटांची टक्केवारी मांडून बेरीज केली, ती 113 आली. फोनवर विचारले असता 'सॉफ्टवेअरमध्ये तसे होते' असे उत्तर मिळाले. प्रयोगशाळेचे नाव, तपासणीची पद्धत आणि जबाबदार डॉक्टरची सही यांपैकी अहवालावर काहीच नव्हते.

बेरीज शंभर भरली असती तरी निदान हाती लागले नसते. निरोगी माणसाच्या आतड्यात कोणते जिवाणू किती असावेत याचे सर्वमान्य प्रमाण अद्याप ठरलेले नाही. आहार, औषधे आणि नमुना कसा साठवला यावरही आकडे बदलतात. अशा तपासणीच्या व्यापक वापराला आज पुरेसा आधार नाही आणि तपासणी करणाऱ्यानेच त्यावरून उपचार सुचवणे योग्य नाही, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने 2024 मध्ये मांडले आहे. येथे तर तपासणारा, सल्ला देणारा आणि पुड्या विकणारा माणूस एकच होता. पुडीवर जिवाणूंच्या जातींची नावे नव्हती, पण 'औषधी वापरासाठी नाही' हे वाक्य बारीक अक्षरांत न चुकता छापलेले होते.

पैशांपेक्षा मोठे नुकसान आहारपत्रकाने केले. चांगल्या जिवाणूंचे खाद्य म्हणून वहिनींना रोज गव्हाचा कोंडा आणि दलिया खाण्यास सांगितले होते. त्रास वाढला, वजन उतरू लागले, तेव्हा 'वाईट जिवाणू मरताना असे होतेच, वहिनीजी, पुड्या सोडू नका' असा दिलासा मिळत राहिला. अखेर पोटाच्या डॉक्टरांनी साधी रक्ततपासणी आणि नंतर एंडोस्कोपी करून लहान आतड्याचा तुकडा तपासला, आणि सिलिअ‍ॅक हा आजार निघाला. त्यात गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याच्या आतल्या आवरणाला इजा होते आणि लोह शोषले जात नाही. म्हणजे ज्या बाईला गहू पूर्ण वर्ज्य हवा होता, तिला कोंडा पैसे घेऊन खाऊ घातला गेला! (ही रक्ततपासणी होईपर्यंत स्वतःहून गहू बंद करू नये, नाहीतर ती खोटी निर्दोष येऊ शकते, असे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले.)

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर विक्रेत्याने पुड्यांचे निम्मे पैसे देण्याची तयारी दाखवली, मात्र 'आमची तक्रार नाही' असे लिहून मागितले. दादांनी ते लिहून दिले नाही आणि आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून येथे नाव देत नाही. ग्वाल्हेरच्याच मुरार आणि थाटीपूर भागांत वेगळ्या नावाने, पण शब्दन्‌शब्द त्याच मजकुराची पत्रके सध्या वाटली जात आहेत. ज्यांनी आधीच पैसे भरले असतील त्यांनी पावती, अहवाल, पुडीचे रिकामे पाकीट आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवावेत. आमच्या तक्रारीत सर्वांत उपयोगी पडली ती दादांच्या पेन्सिलीची बेरीज असलेली अहवालाची प्रत.