60 व्होल्ट 30 ॲम्पिअर म्हणे! 26,800 रुपयांचा चुना

हे लिहायला दीड महिना लागला, कारण लाज वाटत होती. लातूरच्या आडतीवर मी 22 वर्षं मुनीम आहे. सोयाबीनच्या पोत्यात दोनशे ग्रॅम इकडंतिकडं झाले तर मापाड्याचा हात धरणारा माणूस. आणि फसलो ते मापातच, इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीच्या.

मी औशाहून येतो, जायला 20 किलोमीटर, यायला 20. गाडी साधी, 250 वॉटची, 25 च्या वर न पळणारी, लायसन न लागणारी. तिच्या पाच लेड ॲसिड बॅटऱ्या अडीच वर्षांत बसल्या. त्यात थोडी माझीही चूक आहे. रात्री लाइट गेली की अर्धवट चार्ज करून सकाळी तशीच काढायचो. लेड ॲसिडला रोज पोटभर लागतं, उपाशी ठेवली की मरते. हे कळलं तेव्हा ती मेली होती.

फेब्रुवारीत लातुरातल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, तक्रार द्यायची आहे. "काका, आता लिथियम टाका. 60 व्होल्ट, 30 ॲम्पिअर, एका चार्जला 70 किलोमीटर डोळे झाकून." भाव 27,500. माझ्या जुन्या बॅटऱ्या त्यानं काट्यावर टाकल्या, 42 किलो भरल्या, 60 रुपयांनी 2,520 झाले. "वरचे 20 सोडा काका." सोडले. राहिले 25,000, नवा चार्जर 1,800, एकूण 26,800. त्यातले 5,000 फोनवरून, 21,800 रोख. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, अठरा टक्के वर लागतील, 4,950. मी कच्च्या पावतीवर समाधान मानलं. रोज कच्ची-पक्की दोन्ही हातानं लिहिणारा मी, 4,950 वाचवले म्हणून खूश होऊन घरी आलो.

त्याच्या दुकानातला पोरगा नवी बॅटरी एका हातात घेऊन आला. एका हातात! दुसऱ्या हातात त्याचा मोबाइल होता. शेजारी काटा तसाच चालू होता, नुकत्याच माझ्या बॅटऱ्या त्यावरून उतरवलेल्या. त्यानं माझा माल मोजला, मी त्याचा मोजला नाही.

दोन महिने काही कळलं नाही, आणि त्याचं कारण आहे. मी आडतीवर पोचलो की प्लग लावायचो, घरी आलो की परत लावायचो. 20 किलोमीटर ती आरामात ओढायची. एप्रिलमध्ये एक दिवस मार्केटात अकराला लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. मी म्हणलं, 70 ची बॅटरी आहे, 40 ला काय होतंय. परतताना बुधोड्याच्या अलीकडंच गाडी थंड. टेम्पोवाल्यानं 300 रुपये घेतले.

त्या रात्री साडेनऊला चार्जिंगला लावली. पावणेबाराला पाणी प्यायला उठलो तर हिरवा दिवा. दुकानदाराला सकाळी फोन केला, तर म्हणतो, "लिथियम फास्ट असतंय काका." आणि मी ते शेजाऱ्याला कौतुकानं सांगितलं. माझ्या चार्जरवर 5 ॲम्पिअर छापलेलं आहे, आणि बॅटरीचा 30 हा आकडा खरं तर ॲम्पिअर-तासांचा. पूर्ण रिकामी 30 ची बॅटरी भरायला 6 तास लागणारच. सव्वादोन तासांत भरली म्हणजे आत 11च्या आसपास मावतंय. दुसरीच्या पोराचा भागाकार. मी दिवसाला पन्नास पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या बिलांचा, हिशेब करतो आणि हा एक केला नाही.

केला तो भाच्यानं. "मामा, चार्जर किती ॲम्पिअरचा?" एवढंच विचारलं आणि गप्प बसला. मग बॅटरी आडतीच्या काट्यावर ठेवली: 6 किलो 200. खरी असती तर दहा-बारा किलो भरली असती. पेटी उघडली तर निम्म्यात थर्माकोल. बाकी बोटाएवढे सेल, काही निळे, काही हिरवे, टोकांवर जुन्या वेल्डिंगचे ठिपके. कुठल्या तरी जुन्या पॅकातून सोलून काढलेले. मी हे रोज रात्री पोरं झोपतात त्या खोलीबाहेर चार्ज करत होतो.

उघडायची घाई तुम्ही करू नका. दुकानदारानं फुटलेलं सील बघितलं आणि हात झटकले. "सील तोडलं, वॉरंटी गेली. शिवाय तुम्ही उन्हात चार्ज केली असणार." मराठवाड्यात एप्रिलमध्ये उन्हाबाहेर काय आहे? हां, गाडी तापून आली की अर्धा-पाऊण तास सावलीत थंड करून मगच चार्जर लावायचा, हे खरं आहे. पण त्यानं सेलचं थर्माकोल होत नाही.

ठाण्यात गेलो. तासभर बसवून म्हणाले, हा दिवाणी मामला. दुसऱ्या दिवशी या, साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी साहेब होते, त्यांनी कच्ची पावती उलटसुलट बघितली आणि विचारलं, "यावर बॅटरी असं कुठं लिहिलंय?" लिहिलं होतं नुसतं 'सामान'. एका कार्यालयात म्हणाले, नंबर नसलेली गाडी आमच्याकडं येत नाही. आणखी एका साहेबांना म्हणलं, आमचा काटा दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, मग ॲम्पिअर कमी दिले तर कोण बघणार? ते हसले. चहा पाजला, तेवढंच. चार खेटे, चार दिवसांची मजुरी, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच: "तुम्ही शिकलेले दिसता, मग घेतलीच कशी?"

वकिलानं सांगितलं, ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत जायचं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. माझ्याकडं पुरावा म्हणजे फोनवरच्या 5,000 ची नोंद. म्हणून रोख देऊ नका, अठरा टक्के गेले तर जाऊ द्या, बिलावर व्होल्ट, ॲम्पिअर-तास, सिरियल नंबर लिहून घ्या. पूर्ण रिकामी करून दुकानातच चार्जला लावायला सांगा आणि घड्याळ बघत बसा, तो चिडला तर उठून या. लेड ॲसिडचा जुना चार्जर लिथियमला "चालतंय" म्हणणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नका, त्याचा व्होल्ट जास्त असू शकतो, पेटू शकते.

पेटी पोत्यात बांधून, 6 किलो 200 ची चिठ्ठी वर टाचून, आडतीच्या मागं मोकळ्या जागेत ठेवली आहे. मालाच्या वजनातून घट म्हणून कापतात ती कट्टी. हमाल जाता-येता विचारतात, "मुनीमजी, कट्टी किती धरायची?"