स्क्रॅचज्युनिअर चांगलंय, पण आधी खडू आणा

लेक सहाची. एका क्लासवाल्यांनी 'आत्ता कोडिंग नाही तर मागे पडेल' म्हणून फी सांगितली, ती ऐकून आम्ही गपचूप घरी आलो आणि टॅबवर स्क्रॅचज्युनिअर हे छोट्या मुलांचं कोडिंगचं ॲप टाकलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, २०१४ साली एमआयटी आणि टफ्ट्स या अमेरिकन विद्यापीठवाल्यांनी ५ ते ७ वयासाठी काढलंय. त्यात 'पुढे चल', 'वळ' अशा सूचनांचे ठोकळे म्हणजे ब्लॉक एकापुढे एक जोडायचे, की पडद्यावरची मांजर तसं करते. ब्लॉकवर शब्दच नाहीत, नुसती चित्रं, त्यामुळे मराठी शाळेतल्या पोरांचंही काही अडत नाही.

पण पहिल्या दिवशी तिने नुसती मांजर रंगवली. मग टॅब ठेवला बाजूला, फरशीवर खडूने बाण काढले आणि बाबा झाला रोबो, सोफ्यापासून फ्रिजपर्यंत न्यायचा. 'चार पुढे, उजवीकडे वळ, दोन पुढे', आणि बाबा धाडकन टीपॉयवर, कारण चार नाही तीनच फरश्या होत्या! मग चुकलं कुठे ते शोधायला परत पहिल्यापासून मोजणी, हसून हसून पोट दुखलं. दोन-तीन संध्याकाळी हेच चाललं, त्यानंतर टॅब दिला तर मांजराच्या निळ्या ब्लॉकखालचा आकडा, म्हणजे किती पावलं चालायचं तो, तिने स्वतःच बदलला.

मला आवडलेली गोष्ट म्हणजे वळायचा ब्लॉक, १२ टाकलं की पूर्ण गिरकी, घड्याळासारखं, त्यामुळे ३ म्हणजे पाव चक्कर हे तिला आपोआप कळलं. एका प्रोजेक्टमधे चारच पानं मिळतात, त्यावरून रडारड झाली, मला उलट बरंच वाटतं, गोष्ट संपवावी तरी लागते. मोबाईलवर मात्र देऊ नका, बोटांना टॅबच हवा.