जुने व्हीसीआर नव्या टीव्हीवर: काही महिने वापरून झाल्यावर

घरात दोन व्हीएचएस यंत्रं आहेत. एक अगदी साधं, मोनो आवाजाचं. दुसरं एस-व्हीएचएस, म्हणजे व्हीएचएसचाच जास्त तपशिलाचा प्रकार, हाय-फाय स्टिरिओ आवाजाचं. नवा ४के टीव्ही आला तरी दोन्ही ठेवायची हे आधीच ठरलं होतं आणि आता कित्येक महिने ती त्याच टीव्हीवर चालतायत. कुठली वायर कुठे लावायची ते कुणीही सांगतं. लावल्यानंतर रोजच्या वापरात काय होतं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय.

आधी निकाल सांगून टाकतो: यंत्रं मुळीच त्रास देत नाहीत, टीव्ही देतो. जुना पिक्चर ट्यूबवाला टीव्ही डुगडुगतं चित्रही मुकाट्याने दाखवायचा. नव्याला सिग्नलमध्ये जरा कुठे खोट दिसली की तो सरळ निळा पडदा टाकतो.

जोडणीचं थोडक्यात. माझ्या टीव्हीला मागे पिवळी-पांढरी-लाल अशी तीन भोकं नाहीत. त्यांच्याऐवजी ‘एव्ही’ लिहिलेलं एकच ३.५ मिमीचं, हेडफोनसारखं भोक आहे आणि त्यात चार कड्यांची पिन जाते. ही वायर टीव्हीच्या खोक्यात आली असेल तर जपून ठेवा. कॅमकॉर्डरची जुनी वायर दिसायला हुबेहूब तशीच असते, भोकात बसतेही, पण आतल्या कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा. मग चित्र लाल पिनेतून येतं किंवा नुसतीच घरघर ऐकू येते. काही टीव्हींवर कंपोनंटची, म्हणजे चित्र तीन वायरींतून नेणाऱ्या जोडणीची, हिरवी-निळी-लाल भोकं एव्हीसाठीही वापरतात. तिथे पिवळी पिन हिरव्या भोकात जाते आणि मेनूत ‘एव्ही’ निवडावं लागतं. ते कंपोनंटवरच राहिलं तर चित्र काळंपांढरं दिसतं, आणि लोक बिचाऱ्या व्हीसीआरचं टेप वाचणारं हेड गेलं म्हणून मोकळे होतात.

अँटेनाच्या वायरीने जोडायचा मार्ग मी एकदा बघितला आणि सोडून दिला. टीव्हीत अ‍ॅनालॉग ट्यूनर शिल्लक असेल तरच तो चालतो, बहुतेक यंत्रांतून आवाज मोनोच येतो आणि चित्र सगळ्यांत वाईट. दुसरं काहीच नसेल तरच तिकडे वळा.

ज्या टीव्हीला एव्ही भोकच नाही, त्याच्यासाठी एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी मिळते. घेताना दिशा नीट बघा. एचडीएमआयचं एव्ही करणारीही अगदी तशीच दिसते आणि ती इथे काडीच्या उपयोगाची नाही. ही डबी मी बरेच आठवडे वापरली. चित्र येतं, खोटं का बोला. पण ती ७२०पी किंवा १०८०पी असाच एचडी सिग्नल काढते, म्हणजे टीव्हीच्या लेखी तो रुंद पडद्याचा कार्यक्रम. ४:३ चं चित्र ताणलं जातं आणि घरातली सगळी माणसं बुटकी, गुबगुबीत दिसतात. काही टीव्ही एचडीएमआयवरही ४:३ निवडू देतात, माझा अशा सिग्नलला देत नाही. दुसरी गोष्ट हालचालीची. पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रं असतात, एकाआड एक ओळींची. ती नीट जोडायची तर हिशेब चोख लागतो. स्वस्त डबी तो कसाबसा उरकते. पळणाऱ्या मुलाच्या पायांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात.

पण खरी कटकट वेगळीच होती आणि ती टीव्हीच्या थेट एव्ही भोकातही होती. नव्या, धडधाकट कॅसेटी बऱ्या चालायच्या. घरीच चित्रण केलेल्या जुन्या कॅसेटी लावल्या की वरच्या कडेला चित्र उजवीकडे वाकायचं. कॅमेरा जिथे बंद करून पुन्हा चालू केला असेल, त्या जागेवर टीव्ही दोन-तीन सेकंद निळा. चित्र बघत बघत पुढे पळवायला गेलो तर निळ्याशिवाय काहीच नाही, म्हणजे हवा तो भाग अंदाजानेच शोधायचा.

कारण साधं आहे. पाल यंत्रात हेडचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारतो आणि अर्ध्या इंचाच्या टेपवर तिरक्या रेघा वाचतो. टेप वयोमानाने ताणली जाते, रबर घट्ट होतं, त्यामुळे प्रत्येक ओळ नेमकी वेळेवर येत नाही. थोडी लवकर, थोडी उशिरा. पिक्चर ट्यूबमध्ये किरण त्या चुकारपणाच्या मागे मागे सरकायचा, म्हणून आपल्याला कधी जाणवलं नाही. डिजिटल टीव्ही प्रत्येक ओळ मोजून मेमरीत भरतो. वेळ फार चुकली की त्याच्या मते सिग्नलच नाही.

यावर व्यावसायिक इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर. तो ओळी साठवून ठेवतो आणि ठरल्या वेळेला बाहेर सोडतो. घरगुती इलाज त्याहून सोपा: मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर घालायचा. डिस्क लागत नाही, रेकॉर्डिंग करायचं नाही, सिग्नल फक्त त्याच्यातून जाऊ द्यायचा. पॅनासोनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ हे दोन रेकॉर्डर तर याच कामासाठी शौकिनांत नावाजलेले आहेत. माझा वेगळा आहे, त्याला एस-व्हिडिओ (पिवळ्या पिनेपेक्षा स्वच्छ चित्र देणारी जोडणी) आत आणि एचडीएमआय बाहेर आहे, ते माझ्या पथ्यावरच पडलं. ज्या कॅसेटीत दाराची चौकट वरच्या बाजूला आकड्यासारखी वळलेली दिसायची, तीच चौकट रेकॉर्डरमधून गेल्यावर सरळसोट उभी राहिली. पुढे पळवतानाही आता चित्र दिसतं, आडव्या पट्ट्यांसकट. निळा पडदा जवळपास गेलाच.

त्यातही खाचाखोचा आहेत. रेकॉर्डर येणाऱ्या चित्रावर स्वतःहून नॉइज रिडक्शन, म्हणजे दाणे पुसायचं काम, चालवतो आणि त्यात चेहरे मेणाचे दिसायला लागतात. मेनूत जाऊन ते बंद केलं. बाहेर ५७६पी, म्हणजे पालच्या मूळ ५७६ ओळीच, पाठवायला सांगितलं, मोठं करून नाही. हा साधा सिग्नल आला की टीव्ही ४:३ चा पर्याय निमूट देतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले आणि माणसं आपापल्या उंचीवर परत आली. एक मर्यादा मात्र आहे: विकत आणलेल्या, कॉपी होऊ नये म्हणून संरक्षित केलेल्या कॅसेटींवरून रेकॉर्डर रेकॉर्डिंग करू देत नाही. थेट डबीतून लावल्या तर अशाच कॅसेटींचा उजेड कमी-जास्त होत राहतो. तोही त्या संरक्षणाचाच प्रताप, यंत्र बिघडलेलं नसतं.

टीव्हीच्या सेटिंगवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवला आणि तो वाया गेला नाही. साध्या व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने जेमतेम २४० ओळींचा तपशील असतो, एस-व्हीएचएसमध्ये ४०० च्या आसपास. टीव्हीला भरायचे आहेत ३८४० गुणिले २१६० ठिपके. म्हणजे बहुतेक चित्र टीव्ही मनानेच रचतो. त्याची शार्पनेस शून्यावर आणली, हालचाल गुळगुळीत करणारं जे काही होतं ते बंद केलं, ‘व्हिव्हिड’ला रजा दिली. शार्पनेस वाढवली की तपशील वाढत नाही, टेपचे दाणे तेवढे टोकदार होतात आणि लाल कपड्यांची कड आणखी फिसकटते. शिवाय खुर्ची मागे घ्या. हा सल्ला थट्टेचा वाटेल, पण इतक्या खटाटोपात बिनखर्चाचा आणि हमखास उपाय हाच ठरला.

चित्राच्या तळाशी एक खळबळती पट्टी दिसते. ती बिघाड नाही. एक हेड सोडून दुसरं हेड वाचायला घेतं, त्या क्षणाची ती खूण. पूर्वीही होतीच, पण जुने टीव्ही चित्राच्या कडा चौकटीआड लपवायचे. नव्या टीव्हीत कडा अशा कापण्याला ओव्हरस्कॅन म्हणतात. एरवी मी त्याचा शत्रू, पण या एका इनपुटवर तो चालू ठेवलाय.

आवाजाचं म्हणाल तर हाय-फाय यंत्र अजूनही कान तृप्त करतं. मात्र टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो. आवाज थेट व्हीसीआरमधून म्युझिक सिस्टिमला दिला तर तो ओठांच्या आधी पोहोचतो. टीव्हीचा गेम मोड लावला की प्रक्रिया कमी होते आणि फरकही बराच कमी होतो. मी शेवटी आवाजही टीव्हीतूनच बाहेर काढला. हाय-फाय ट्रॅकवर फुर्रफुर्र ऐकू आली तर आधी ट्रॅकिंग (हेड टेपवरच्या रेघांवर नीट बसवायचं बटण) हलवून बघा, नाही जमलं तर ‘नॉर्मल’, म्हणजे साधा मोनो, आवाज निवडा.

व्हीसीआरवर नवं काही रेकॉर्ड करणं हा आता हौसेचा मामला. त्याचा ट्यूनर अ‍ॅनालॉग, त्याला डिजिटल प्रक्षेपण कळतच नाही. सेट-टॉप बॉक्सच्या एव्ही आउटमधून घ्यायचं, व्हीसीआर ‘एव्ही’ किंवा ‘एल१’वर ठेवायचा. टायमर लावलात तरी बॉक्स त्या वेळी चालू आणि त्याच वाहिनीवर असायला हवा. मी एक-दोनदा करून बघितलं, मग नाद सोडला.

नवे व्हीसीआर मिळणार नाहीत. शेवटपर्यंत ते बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे आहेत त्या यंत्रांवर माया करावी लागते. कुठलीही संशयास्पद कॅसेट आधी तिच्या पारदर्शक खिडकीतून बघतो. रिळावर पांढरी बुरशी दिसली तर ती दोन्ही यंत्रांपासून लांब, कारण बुरशी हेडला लागली की पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेटी पहिल्यांदा साध्या यंत्रात एकदा पुढे-मागे फिरवतो आणि मगच एस-व्हीएचएसमध्ये घालतो. हेड साफ करायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लव न सोडणारं कापड. ड्रमला कापड टेकवून ड्रमच हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासलंत तर हेड तुटलंच समजा.